अर्थिंग

काटा शून्यावर.
इंजिन एका सिलिंडरवर धडधडतंय,
सहासष्ट सालापासून धडधडतं तसंच,
आणि काटा शून्यावर, किंचित डावीकडे.
म्हणजे बॅटरी देतेच आहे, तिला कुणी देत नाहीये.

"दोन महिन्यांत ही दुसरी," वडील म्हणतात.

वेस्टबीच्या टेकाडावर ऑक्टोबर संपत आलाय.
मका उभाच वाळलाय. विस्कॉन्सिनचा बर्फ
कधी येतो ते विचारून येत नाही,
त्याआधी पुढचं पातं जोडायचं आहे.
ऑरव्हिन ट्वाइट, वय ऐंशी, गुडघा नवा,
आमचा रस्ता तेवढा साफ करा असं
शेजाऱ्याला म्हणणार नाहीत. मेले तरी.

आठ वर्षांची होते तेव्हा टॉर्च मी धरायचे.
"मार्लिस, माझ्या तोंडावर नको, कामावर पाड."
आता टॉर्च त्यांच्या हातात आहे.
उजेड जनरेटरवरून माझ्या मनगटावर घसरतो,
तिथून शेडच्या छपराला, परत खाली.
मी काही म्हणत नाही.

आधी सोपं तपासायचं, हे त्यांचंच.
बेल्ट अंगठ्यानं दाबला: अर्धा इंच, ठीक.
मीटरच्या तारा बॅटरीला: बारा पॉइंट चार.
थ्रॉटल वाढवला: बारा पॉइंट तीन.
"चौदा हवेत," वडील म्हणाले,
जणू हे मला कुणी दुसऱ्यानं शिकवलं असावं.

ह्या जातीच्या गार्डन ट्रॅक्टरला स्टार्टर वेगळा नसतो.
ज्यानं इंजिन फिरवायचं त्यानंच मग वीज करायची,
सकाळी उसनं घ्यायचं आणि दिवसभर फेडत बसायचं.
ब्रश काढले, अजून पेराएवढे होते.
कॉम्युटेटर काळवंडलेला. बारीक पॉलिश पेपरनं
तांबं दिसेस्तोवर घासला.
बेल्ट चढवला, सुरू केला.
काटा शून्यावर.

कॉफी प्यायलो. आई करायची तशी, अंडं घालून उकळलेली.
कपात पाहत ते म्हणाले,
"एफ टर्मिनल बॉडीला टेकव. क्षणभरच."
टेकवली तार, आणि काटा उजवीकडे उसळला,
इंजिनाचा आवाज जड झाला, पोतं पाठीवर घेतल्यासारखा.
म्हणजे जनरेटर निर्दोष.
म्हणजे रेग्युलेटर. म्हणजे साठ डॉलर, मिळाला तर.

जुलैत ते ला क्रॉसला हॉस्पिटलात होते
तेव्हा ड्वेननं हा ट्रॅक्टर नखशिखांत रंगवला,
ऐंशीव्या वाढदिवसासाठी. पिवळ्याचे तीन हात.
वडील काठी टेकत भोवती एक फेरी फिरले,
म्हणाले, "चकाकतोय."
त्या दोघांत एवढं बोलणं म्हणजे भाषण.

रेग्युलेटरचे दोन बोल्ट सोडवले.
खाली पिवळा. जाड, गुळगुळीत.
जिथं कुणी कधी बघणार नाही तिथंही
एक ओघळ नाही.
रेग्युलेटर बसवलेला होता, टेकलेला नव्हता.
अर्थ लागायला धातूला धातू लागतो, एवढंच,
आणि मध्ये माझ्या भावाचा सगळा जुलै.

वडिलांनी टॉर्च माझ्याकडे दिला.
खिशातला चाकू उघडून खरवडलं, नखाएवढं,
दोन ठिकाणी, बोल्टखाली झाकलं जाईल इतकंच.
एकदा पातं घसरलं. बाहेर बारीक ओरखडा.
त्याला थुंकी लावून अंगठ्यानं पुसलं,
पोराचं ढोपर पुसावं तसं.
गेला नाही.

चौदा पॉइंट एक.
काटा उजवीकडे, दोन घरं.
भर दुपारी त्यांनी हेडलाइट लावले आणि तसेच राहू दिले.

"ड्वेनला सांगू नकोस."
"मग काय सांगू?"
बराच वेळ इंजिन ऐकत राहिले.
"सांग, बॅटरी खराब होती."
"दोन्ही?"
"दोन्ही."